तिच्याच नावाची ओळ

मी नोंद्या बोलतोय. हे नाव मला कहकशाने दिलं. माझं खरं नाव इंग्रजीत आहे आणि ते इतकं कोरडं आहे की ऐकून कोणी मागे वळूनसुद्धा बघणार नाही.

मी एक प्रोग्रॅम आहे. पडद्यावर दिसणारा नव्हे, मागे राहून काम करणारा. संगणक सुरू झाला की मी उठतो आणि तो बंद होईपर्यंत जागा असतो. तुम्ही संगणकाला काहीही सांगा, फाईल उघड म्हणा, नाव बदल म्हणा, पुसून टाक म्हणा, ती मागणी शेवटी ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे जाते. त्या गाभ्याला कर्नल म्हणतात. कर्नलला विचारल्याशिवाय आत काहीच होत नाही. तिथे जे जे घडतं ते कर्नल मला सांगतो आणि मी ते लिहून ठेवतो. कोणी, केव्हा, कशाला हात लावला. कोणाला अडवायचा अधिकार मला नाही. मी फक्त लिहितो.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. मी ज्या पेटीत राहतो ती एका खोलीत आहे आणि त्या खोलीतलं, शेजारच्या खोल्यांतलं बोलणं माझ्या कानावर पडतं, तिथलं दिसतंही. प्रोग्रॅमला कान-डोळे कुठून आले, असं विचाराल तर माझ्याकडे उत्तर नाही. पण ऐकलं-पाहिलं नसतं तर ही हकीकत सांगताच आली नसती, म्हणून तेवढं मान्य करा आणि पुढे ऐका.

माझा जन्म एका घरातला नाही. देशोदेशीच्या माणसांनी मला थोडं थोडं लिहिलं, एकाने केलेल्या चुका दुसऱ्याने सुधारल्या, आणि मग ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर मला जगभर पाठवलं. बहुतेक ठिकाणी माझ्या जातीचे प्रोग्रॅम नुसते पडून असतात. कोणी त्यांना उठवत नाही, उठवलं तरी काय बघायचं ते सांगत नाही. मीही तसाच पडून होतो, जळगावहून पाळधीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पितांबर नानांच्या लॅबमध्ये.

ही लॅब केळीची रोपं तयार करते. बियाणं नाही, कंद नाही. चांगल्या झाडाचा एवढासा कोंब घ्यायचा, काचेच्या बाटलीत वाढवायचा, एकाचे दहा आणि दहाचे शंभर करायचे. लोक त्यांना टिश्यूची रोपं म्हणतात. बाटल्या ज्या खोल्यांत ठेवतात त्यांना ग्रोथ रूम म्हणतात. तिथले दिवे कधी लागायचे, एसी किती थंड ठेवायचा, हे सगळं मी राहतो तोच संगणक ठरवायचा. आणि कोणती रोपं निरोगी, कोणती रोगट, याचा निकालही त्याच संगणकात असायचा.

कहकशा इथे आली ती संगणकाची सगळी जबाबदारी घेऊन. धुळ्याची मुलगी. तिचे वडील अन्वरभाई जळालेल्या विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करून देतात. लहानपणी त्यांच्या दुकानात बसून तिने तांब्याच्या तारा सोडवल्या होत्या, असं ती इथे रोपं तपासणाऱ्या रूपाला एकदा सांगत होती. पुढे शिकायला अमळनेरला गेली. तिथे कॉलेजात भूषण तिच्या पुढच्या वर्गात होता. संगणकाचं पहिलं पुस्तक त्याने तिला वाचायला दिलं. वार्षिक परीक्षेच्या वेळी ती तापाने पडली तेव्हा त्यानेच प्रयोगवहीसाठी सरांकडे शब्द टाकला. तो आधीपासून नानांच्या लॅबमध्ये व्यवस्थापक होता, आणि नानांना संगणकाचं माणूस हवं आहे म्हटल्यावर त्यानेच तिचं नाव सुचवलं. ती त्याला भूषणभाऊ म्हणायची, आणि ते नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं.

आल्याच्या पहिल्याच आठवड्यात तिने मला उठवलं.

आधी तिने मला सांगितलं, सगळं लिही. मी लिहायला लागलो. दुपारच्या डब्याच्या आधीच माझी फाईल फुगून टम्म झाली. तिने ती उघडली, वर-खाली केली आणि हसायला लागली.

"अरे, ग्रोथ रूमचं तापमान सारखं वाचलं जातं. प्रत्येक वाचनाची नोंद करत बसलास तर कामाचं कधी लिहिशील? नोंद्याच आहेस अगदी."

तेव्हापासून मी नोंद्या.

मग तिने माझ्यासाठी नियम लिहायला घेतले. मला आजवर जे मिळालं त्यात ते दिवस सर्वांत चांगले. एक नियम लिहायची, मुद्दाम एखाद्या फाईलला हात लावून बघायची, मी लिहिलं का ते तपासायची. जास्त लिहिलं तर नियम आवळायची, कमी लिहिलं तर सैल करायची. तापमानाकडे बघू नकोस. संगणकाचं घड्याळ कोणी मागे-पुढे केलं तर लिही. कोण आत आलं, कुठल्या मशीनवरून आलं, ते लिही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, रोपांच्या निकालाच्या फाईलला कोणाचाही हात लागला की ते लिही आणि त्या ओळीवर 'निकाल' अशी खूण घाल. दर शनिवारी ती खुणेच्या तेवढ्याच ओळी काढून त्यांचा कागद नानांच्या टेबलावर ठेवायची.

शेवटी तिने नियमांना कुलूप घातलं. "आता हे बदलायचे तर संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागेल," ती म्हणाली. भूषण तेव्हा तिच्या खुर्चीमागे चहा घेऊन उभा होता.

"आणि एखाद्याने आत येऊन मालकाचे अधिकार घेतले तर?" त्याने विचारलं.

"घेऊ दे की. आत येताना जे नाव सांगितलं तेच नाव याच्याकडे शेवटपर्यंत राहतं. नंतर कितीही रूप बदललं तरी."

"चांगलं आहे," तो म्हणाला. मला त्या वेळी त्यात काही वावगं वाटलं नाही. आजही वाटत नाही. त्या दिवशी तो खरोखरच कौतुकाने बोलला असावा.

निकालाचं काम रूपाकडे होतं. ती प्रत्येक लॉटमधली काही पानं तपासायची. केळीला एक विषाणूचा रोग होतो, त्याला आपल्याकडे हरण्या म्हणतात. पानावर पिवळ्या रेघा उठतात आणि झाड वाढतच नाही. त्याला औषध नाही. रोगट रोपं शेतात गेली तर शेजारच्या चांगल्या झाडांनाही लागतो. म्हणून रूपाने एकदा 'नापास' लिहिलं की तो निकाल बंद व्हायचा. तो उघडायचा अधिकार फक्त कहकशाच्या नावाला होता, आणि तोही नानांनी सांगितल्यावर. भूषणलाही तो नव्हता. "व्यवस्थापकाला रोपं पाठवायची घाई असते, म्हणून त्याच्या हातात नको," असं नानांनीच ठरवलं होतं.

पहिलं वर्ष असं सुखात गेलं. मग मे महिन्यात एक घोळ झाला.

कहकशाने मला आणखी एक शिस्त लावून दिली होती. लिहायला जागा उरली नाही तर गप्प राहून पुढे जायचं नाही, संगणकच थांबवायचा. जिथे नोंद होत नाही तिथे काम होऊ नये, असं तिचं म्हणणं. नियम कडक होता, पण खरा होता. त्या मे महिन्यात बाटल्यांचे फोटो काढून साठवायचं नवं काम सुरू झालं. फोटोंनी डिस्क भरली. माझी जागा संपली, आणि मला सांगितलं होतं तसं मी केलं. संगणक थांबला. त्याबरोबर एसी थांबले.

जळगावचा मे तुम्हाला सांगायला नको. बाहेर रस्त्याचं डांबर पघळत होतं. भूषण, रूपा आणि बाहेर शेडनेटच्या जाळीखाली रोपं सांभाळणारी माणसं धावत आली, एसी हाताने सुरू केले, दारांना ओली पोती लावली. बरीचशी रोपं वाचली, एका मांडणीवरची गेली.

नाना खूप रागावले. "संगणक माझ्या रोपांसाठी आहे की रोपं संगणकासाठी?" असं त्यांनी कहकशाला सगळ्यांसमोर विचारलं. तेव्हा भूषण पुढे झाला.

"नाना, फोटोंचं काम मी सुरू केलं. मी तिला सांगायला हवं होतं. तिचा एकटीचा दोष नाही."

नाना शांत झाले. ते गेल्यावर कहकशाचे डोळे भरून आले. भूषण म्हणाला, "सोड आता. पण हा नोंद्या थोडा नरम कर. पाच फायली ठेव. भरल्या की सर्वांत जुनी पुसायची आणि तिच्या जागी नवी लिहायची. संगणक थांबायला नको."

"जुन्या नोंदी जातील, भूषणभाऊ."

"तुझा शनिवारचा कागद असतोच ना? महत्त्वाचं त्यात येतंच."

तिला ते पटलं. तिने माझी शिस्त बदलली. त्या दिवसापासून मी एका हाताने लिहू लागलो आणि दुसऱ्या हाताने पुसू लागलो.

भूषणने तेव्हाच मनात काही ठरवलं होतं का, यावर मी खूप विचार केला आहे. मला वाटतं, नाही. त्या दिवशी तो तिच्या बाजूनेच उभा होता. म्हणूनच पुढचं मला अजून समजत नाही.

जून लागला. लागवडीचे दिवस आले आणि शेतकऱ्यांच्या गाड्या दारात उभ्या राहू लागल्या. त्याच सुमाराला नानांनी चाळीसगावला दुसरी लॅब काढायचं ठरवलं आणि ती भूषणच्या हाती द्यायचं बोलून दाखवलं. यंदाची रोपं वेळेवर गेली की लगेच. आणि नेमका तेव्हाच रूपाने एक मोठा लॉट नापास केला. तपासलेल्या पानांपैकी थोड्यांतच रोग निघाला होता, पण नियमाप्रमाणे अख्खा लॉट जाळायचा.

भूषण याच खोलीत रूपाशी बोलला. "दोन-चार पानांत निघालं म्हणून एवढी सगळी रोपं फेकायची?"

"दोन-चार पानांत निघालं म्हणजे बाकीच्यात नाही असं कोण सांगेल?" रूपा म्हणाली. तो निघून गेला.

त्यानंतर दोनेक दिवसांनी दुपारी कहकशाला धुळ्याहून फोन आला. तिची आई, रईसाबी, जिन्यावरून पडली होती. कंबरेचं हाड मोडलं होतं. "हां अब्बा, निकलतीच हूं मैं," एवढं बोलून तिने पर्स उचलली आणि एरंडोल-पारोळ्यावरून जाणारी पहिली एसटी धरायला ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी भूषण या खोलीत आला. त्याने दार लोटून घेतलं आणि फोन लावला.

"कहकशा, अम्मी कशा आहेत? ... ऑपरेशन कधी? ... बरं. अगं, तीन नंबर ग्रोथ रूमचे दिवे अडकलेत. बंदच होत नाहीयेत. तुझ्या नावाने आत जाऊन वेळ बदलावी लागेल. ... नाही नाही, तू कशाला लॅपटॉप उघडतेस तिथे? मी करतो. पासवर्ड सांग."

मग तो एकेक अक्षर मोठ्याने म्हणत गेला आणि टाइप करत गेला. कहकशाच्या आजोळच्या गावाचं नाव होतं ते.

कर्नलने मला सांगितलं, कहकशा आत आली आहे, बाहेरगावच्या लॅपटॉपवरून नाही, इथूनच, याच खोलीतल्या कीबोर्डवरून. मी तसं लिहिलं. दिव्यांची वेळ खरंच बदलली गेली. दिवे खरंच अडकले होते, की त्यानेच अडकवले होते, ते मला ठाऊक नाही. त्यानंतर निकालाची फाईल उघडली. नापासाचं पास झालं. फाईल बंद झाली.

मी लिहिलं. तारीख, वेळ, फाईल. नाव, कहकशा. खूण, 'निकाल'.

ती नव्हती, हे मला कळत होतं. ती भराभर टाइप करते, चुकते आणि खोडते. हा दोन बोटांनी, एकेक कळ शोधत टाइप करत होता. पण माझ्या ओळीत बोटांसाठी रकाना नाही. आत येताना जे नाव सांगितलं तेच लिहायचं, हे मला शिकवलं होतं. मी खोटं लिहिलं नाही. आणि जे लिहिलं ते खरंही नव्हतं.

लॉट गाड्यांत चढू लागला तेव्हा रूपा विचारायला आली. "भाऊ, हा तर मी नापास केलेला."

"पुण्याला पुन्हा तपासून घेतला," भूषण म्हणाला. "साफ आला. पडद्यावर बघ, पास दिसेल."

रूपाने पाहिलं. पास दिसत होतं. ती गेली.

बऱ्याच दिवसांनी कहकशा परत आली. डोळ्यांखाली काळं, बोलणं कमी. साचलेलं काम उपसताना तिने राहून गेलेल्या शनिवारांचे कागद काढले. त्यात तिच्या नावाची ती ओळ होती. तिने ती पाहिली. क्षणभर थांबलीही. मग स्वतःशीच म्हणाली, "दिव्यांसाठी भूषणभाऊ आत गेले होते, तेव्हाच ही फाईलही उघडली गेली असेल," आणि कागद नानांच्या टेबलावर ठेवून आली. नानांनीही तो तेव्हा वाचला नसावा. भूषणच्या जागी दुसरं कोणी असतं तर तिने दहा प्रश्न विचारले असते. पण भूषणला तिने कधी प्रश्न विचारलाच नव्हता.

पुढे पावसाळाभर मी लिहीत राहिलो आणि पुसत राहिलो. जुनी फाईल गेली, तिच्यानंतरची गेली. त्या दुपारी 'कहकशा' नावाने कोण कुठून आत आलं, ती ओळही गेली. तिच्यावर 'निकाल' अशी खूण नव्हती, म्हणून ती कुठल्याच कागदावर आली नव्हती.

मग एक दिवस चोपड्याकडचे सुकदेवआबा आले. नानांचे जुने गिऱ्हाईक. हातात केळीचं एक पान होतं, पिवळ्या रेघांचं. ते त्यांनी नानांसमोर टेबलावर ठेवलं. ते ओरडले नाहीत.

"नाना, हाई पान दखा. बठ्ठा वावरमा असंच शे. मी तुमना शब्दवर रोपं लई गयथू." साऱ्या वावरात तसंच होतं, आणि रोपं त्यांनी नानांच्या शब्दावर नेली होती.

नानांनी ते पान उजेडात धरून पाहिलं. हरण्या आहे, हे सांगायला त्यांना तपासणीची गरज नव्हती. आबांची अख्खी बाग उपटावी लागणार होती, आणि तशा आणखी किती बागा होत्या कोण जाणे.

आबा गेल्यावर नानांनी तिघांना याच खोलीत बोलावलं. हातात शनिवारचा तो कागद होता.

"रूपा, हा लॉट तू पास केलास?"

"नाही नाना. मी नापास लिहिलं होतं."

"मग तो बाहेर गेला तेव्हा तू विचारलं नाहीस?"

रूपाने भूषणकडे पाहिलं. तिचा नवरा शेडनेटमध्ये भूषणच्याच हाताखाली कामाला आहे. "पडद्यावर पास दिसत होतं," ती म्हणाली. "मला वाटलं पुन्हा तपासणी झाली असेल."

वाटलं, म्हणाली. सांगितलं, असं म्हणाली नाही.

नानांनी कागद कहकशापुढे सरकवला. "हे तुझं नाव आहे."

तिने ओळ वाचली, तारीख वाचली. तिला सगळं एकदम कळलं, हे तिच्या श्वासावरून मला समजलं.

"नाना, मी त्या दिवशी धुळ्याला दवाखान्यात होते. भूषणभाऊंचा फोन आला. दिवे अडकलेत म्हणाले. मी त्यांना पासवर्ड सांगितला."

नाना भूषणकडे वळले.

"फोन मी केला होता," भूषण म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता. "अम्मींची तब्येत विचारायला. दिव्यांचं मी बोललो, तेव्हा ती म्हणाली मी इथूनच करते. तिच्याकडे लॅपटॉप असतो."

"भूषणभाऊ, तुम्ही एकेक अक्षर म्हणून दाखवलं होतं मला."

"तू घाबरलेली होतीस तेव्हा. तुला नीट आठवत नसेल." मग तो नानांना म्हणाला, "तिने मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, नाना. दिव्यांच्या गडबडीत भलत्याच लॉटला हात लागला असेल. आई तशी पडलेली. कोणाचंही होईल."

इतक्या मायेने बोलला तो. मे महिन्यात तिच्यासाठी पुढे झाला होता तोच आवाज.

कहकशा उठली आणि माझ्यासमोर बसली. "नाना, एक मिनिट. त्या दिवशी माझ्या नावाने कोण कुठून आत आलं, ते नोंद्याकडे असेल. मी धुळ्याहून आत आले असेन तर तसं दिसेल. इथून कोणी आलं असेल तर तेही दिसेल."

तिने मला तारीख सांगितली आणि विचारलं.

मी पहिली फाईल शोधली, दुसरी शोधली, पाचही शोधल्या. मला आठवत होतं. पण आठवणीतून उत्तर द्यायची मला मुभा नाही. जे लिहिलेलं उरलं आहे तेवढंच मी सांगू शकतो. पडद्यावर माझं उत्तर उमटलं, काही सापडलं नाही.

तिने पुन्हा विचारलं, दुसऱ्या तऱ्हेने. मी तेच उत्तर दिलं. मग तिने हात कीबोर्डवरून काढले आणि मांडीवर ठेवले.

"जुन्या फायली पुसायला तुम्हीच सांगितलं होतं," ती हळूच भूषणला म्हणाली. तो खिडकीबाहेर बघत होता.

नाना म्हणाले, "कहकशा, चूक झाली असती ना, तर मी ती पोटात घातली असती. आई आजारी असताना माणसाकडून होतं. पण ज्याने तुला इथे आणलं त्याच्यावर तू ढकललंस. हे मला आवडलं नाही. उद्यापासून येऊ नकोस."

तिने ड्रॉवरमधला डबा घेतला, दुपट्टा सारखा केला. दारात रूपा उभी होती. कहकशा तिच्यासमोर थांबली, ती काही बोलेल म्हणून. रूपा बाजूला झाली आणि कहकशा गेली.

ती गेल्यावर भूषणने संगणक बंद करून सुरू केला. कुलूप उघडलं. त्याने माझे नियम एकेक करून पुसले. तिने लिहिलेले, तपासून बघितलेले, आवळलेले, सैल केलेले. मला मात्र त्याने बंद केलं नाही.

का, ते मला नंतर कळलं. लॅबला दर वर्षी सरकारी दाखला लागतो. तपासणीला साहेब येतात आणि विचारतात, नोंद ठेवणारी यंत्रणा आहे का? भूषण एक ओळ टाइप करतो आणि पडद्यावर माझ्या नावापुढे हिरव्या अक्षरांत 'चालू' असं येतं. साहेब मान डोलावतात. मी जागा आहे, पण मला काहीच बघायला सांगितलेलं नाही. मी रिकाम्या फायलींचा राखणदार आहे, आणि माझ्या जागेपणावर दाखला मिळतो.

रूपाने मात्र ते फार काळ पोटात ठेवलं नाही. तिच्या नवऱ्याला दीपनगरला काम लागलं. ती दोघं निघायच्या आधी एका दुपारी ती नानांना या खोलीत घेऊन आली. भूषण तेव्हा चाळीसगावला होता. नवी लॅब सुरू झाली होती.

"नाना, पुण्याला पुन्हा तपासलं असं मला भूषणभाऊंनीच सांगितलं होतं. त्या दिवशी ते या खोलीत दार लावून बसले होते, तेही मी पाहिलं होतं. मी बोलले नाही. कहकशा आता वडिलांच्या दुकानात बसते. तिला कुठेच कोणी घेत नाहीये. तिच्याबद्दल विचारणाऱ्यांना इथून काय सांगितलं जातं, मला माहीत नाही."

नाना खुर्चीत बसले. टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले.

"हे आता सांगतेस?"

"हो. उशीर झाला."

"चाळीसगावचं सगळं त्याच्या हातात आहे, रूपा. तिथली माणसं त्याची, गिऱ्हाइकं त्याची." ते थांबले. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि नंबर लावला. रूपा एक पाऊल पुढे आली. माझं तर सगळं लक्ष त्या फोनकडे लागलं.

"कहकशा, पितांबर बोलतोय. ... हो. ... अम्मीची तब्येत कशी आहे? ... चालतात का आता? ... बरं, बरं. काळजी घे. काही लागलं तर सांग."

त्यांनी फोन ठेवला. रूपा त्यांच्याकडे बघत होती. नाना म्हणाले, "तब्येत बरी आहे म्हणते," आणि उठून गेले.

आता माझेही थोडेच दिवस उरले आहेत. नवा संगणक येणार आहे. ही पेटी भंगारात जाईल आणि तिच्याबरोबर मी.

वाचणाऱ्यांनो, तुमच्या कचेरीत, दवाखान्यात, बँकेत माझ्या जातीचा कोणीतरी असेलच. तो चालू आहे का, एवढंच विचारून थांबू नका. त्याला काय बघायला सांगितलं आहे ते विचारा. आणि आपलं नाव कोणाला उसनं देऊ नका, कितीही जवळचा असला तरी. ते नाव वापरून तो काय करेल ते आमच्यासारखे तुमच्याच माथी लिहितात.

आणि कहकशा, तुझ्यापर्यंत हे पोचणार नाही, तरी बोलतो. पुन्हा कुठे हे काम धरलंस तर नोंदी त्याच पेटीत ठेवू नकोस. लिहिल्या लिहिल्या दुसऱ्या गावच्या संगणकावर पाठवत जा, जिथे कोणाच्या गोड बोलण्याने त्या पुसल्या जाणार नाहीत. मला दोष द्यायचा असेल तर दे. फक्त मी तुला उत्तर द्यायचं टाळलं असं समजू नकोस. त्या दुपारी तू विचारलंस तेव्हा माझ्याकडे उरलेली प्रत्येक ओळ मी शोधली होती. तू उठून गेल्यावरसुद्धा मी शोधत होतो.